कुशिदांच्या दारातली चटईभर जागा

कुशिदा तामेओ या माणसाबद्दल आमच्या गल्लीत विचाराल तर लोक दोनच गोष्टी सांगतील. एक, ओतकामाच्या कारखान्यात त्रेचाळीस वर्षं त्यांनी देवघरातल्या वाटीसारख्या घंटा घासल्या आणि नुसत्या कानाने त्यांचा सूर पारखला. दुसरी, म्हातारपणी ते दारातल्या चटईभर जमिनीपायी पार खुळावले. तिसरी गोष्ट फक्त मला माहीत होती आणि ती मी अकरा वर्षं पोटात ठेवली. जिथे सांगायची तिथे सांगितली, पण उशिरा. आता निदान लिहून तरी ठेवते.

माझं नाव तोगाशी सुमी. ताकाओका गावात कुशिदांच्या घरासमोर माझं रोपांचं दुकान आहे. आधी ते यजमानांचं होतं, ते गेल्यावर माझं झालं. माझ्या जिभेला हाड नाही, असं यजमान दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायची.

कुशिदांचं दार ईशान्येला. दारापर्यंत जायला दगडी फरशांची चिंचोळी वाट आणि तिच्या डाव्या हाताला, भिंतीला लागून, एका तातामीएवढी, म्हणजे चटईभर, माती. माती कसली, कुशिदांच्या आजोबांनी घरातच छोटी भट्टी चालवलेली, तेव्हा साच्यांची जुनी वाळू तिथेच ओतलेली. ऊन येणार तर मे ते जुलै, सकाळी दीड-दोन तास, तेही तांदूळवाल्याच्या कोठाराच्या आणि नव्या तीन मजली इमारतीच्या फटीतून. भिंतीलगत छपराखाली पावसाचा थेंब पोचत नाही आणि तिथून दोन वितींवर पागोळ्या नेमक्या कोसळतात. हिवाळ्यात छपरावरचा सगळा बर्फ घसरून तिथेच आदळतो. एखाद्या झाडाला शिक्षा द्यायची असेल तर यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही.

तिथे तेवीस वर्षं एक झाड मात्र सुखाने नांदलं. ती अजिसाई होती, निळ्या गुच्छांची. कुशिदांची बायको हात्सुए गेली त्या वर्षीची गोष्ट. त्यांची मुलगी मिनाए तेव्हा दहा वर्षांची. आईला नेलं त्यानंतर ती शाळेतून थेट माझ्या दुकानात येऊन बसायची, बोलायची नाही. एके दिवशी मी छाटणी करत होते, तिच्या हातात एक काडी दिली आणि म्हटलं, "ही खोच जा कुठेतरी. पाणी घालायला विसरलीस तर माझ्याशी गाठ आहे."

"कुठे खोचू, काकू?"

"जिथे काही येत नाही तिथे."

तिने ती दारात खोचली. बर्फाने तिच्या फांद्या दर हिवाळ्यात जमिनीला टेकायच्या आणि दर एप्रिलला ती पुन्हा उभी राहायची. मिनाए मोठी झाली, दातांच्या कवळ्या बनवायचं काम शिकली, बापासारखीच धातू वितळवू आणि घासू लागली. संध्याकाळी दोघं घरी आली की कुणाच्या नखांत जास्त काळं आहे यावर वाद घालायची. मला समोरून ऐकू यायचं. इतकं बोलकं घर होतं ते.

मिनाए तेहतीस वर्षांची असताना मध्यस्थ बाईंनी हिमी गावचं एक स्थळ आणलं. दोन भेटी झाल्या. तिसऱ्या महिन्यात निरोप आला की योग नाही. कारण कोणी सांगत नाही, विचारतही नाही. मिनाएने मध्यस्थ बाईंनी आणलेली मिठाई निवांत खाल्ली आणि मला म्हणाली, "काकू, सुटले. तो माणूस भात चघळताना मोजत होता." पण कुशिदांनी मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते दुकानात येऊन उगाच कुंड्या उचलून बघत राहिले.

"काय कमी आहे हो तिच्यात, तोगाशी-सान?" त्यांनी विचारलं. "कारण तरी कळायला हवं होतं."

मी खत भरत होते. मान वर न करता म्हटलं, "कारण काय विचारता, तुमच्या दारातच आहे की. दारात अजिसाई असली की घरातली पोर उजवली जात नाही म्हणतात. आमच्या सासूबाईंनी तर कुंपणाच्या आत येऊ दिली नाही कधी." आणि हसले. रोपं विकणारी बाई मी, अशा शंभर गोष्टी दिवसभर बोलते, त्यातलीच ही एक. ते हसले नाहीत, हे मला त्यांची पाठ वळल्यावर लक्षात आलं. काडी मीच दिली होती, हे तर त्या क्षणी मला आठवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जून महिना, झाड फुलांनी नुसतं लगडलेलं, त्यांनी ते मुळासकट खणून काढलं. मिनाए कामावर होती. संध्याकाळी ती आली आणि खड्ड्यापाशी उभी राहिली. कुशिदा दारात होते. माझ्या दुकानाची फळी अर्धीच ओढलेली, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"काय केलंत हे?"

"तेच अडवत होतं तुला."

"मला? कुठे जायला अडवत होतं?"

त्यांनी नखातली माती अंगठ्याने काढायला घेतली.

"म्हणजे मी अजून या घरात आहे, हीच तुमची अडचण आहे."

त्यांनी एक शब्द बोलायचा होता. "नाही" एवढाच. पण त्रेचाळीस वर्षं आवाज ऐकण्यात गेलेला माणूस तो, बोलण्याची सवय कमी. मिनाए त्या महिन्याच्या अखेरीला नागोयाला गेली. जाताना माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, बाबांकडे लक्ष ठेवा." मी ठेवते म्हटलं. आणखीही काही म्हणायचं होतं, ते म्हटलं नाही.

त्यानंतर ती आली नाही. नवीन वर्षाचं छापील कार्ड यायचं, त्यावर दोन ओळी.

पुढच्या वसंतात बर्फ वितळल्याबरोबर कुशिदा दुकानात हजर. "सावलीत तगेल असं काय आहे तुमच्याकडे?" त्यांना दार हिरवं करायचं होतं. दार उघडं-बोडकं पाहून ती वाटेतूनच परत जाईल, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. ती आली तर पहिली नजर तिथेच पडणार, हे खरं होतंच. मी नांतेन दिलं. लाल मण्यांच्या घोसांसाठी आमच्याकडे दारात लावतातच ते. पण त्या अंधारात मणी चार-पाचच धरले आणि फेब्रुवारीत छपरावरचा बर्फ असा आदळला की झाड बुंध्यापासून फाटलं.

मग जिंचोगे. सावली सोसतं आणि मार्चमध्ये वास असा की गल्ली थबकते. ते छान लागलं होतं. पण पागोळी नेमकी त्याच्यावर पडते म्हणून कुशिदांनी ते वीतभर सरकवलं.

"सरकवलंत?" मी कपाळाला हात लावला. "अहो, त्याला जागेवरून हलवलेलं खपत नाही! विचारायचं तरी."

"वीतभरच."

"त्याला काय वीत कळते आणि गाव कळतं?"

आठ दिवसांत पानं गळून काडी उरली. त्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून होते. मी जवाचा चहा दिला, तो तसाच गार झाला.

नेचे लावले, ते छपराखाली कोरडे होऊन कुरकुरीत झाले. कॅमेलिया सुचवली तर त्यांनीच नाही म्हटलं. तिचं फूल अख्खं, मुंडकं तुटल्यासारखं खाली पडतं. "ती येईल आणि पायाशी ते पडलेलं असेल, नको." पाचव्या वर्षी त्सुवाबुकी लावली, गोल चकचकीत पानांची. ती दणकट निघाली. तीन हिवाळे तगली. मला वाटलं, सुटलो दोघं. तर एका सकाळी हे गृहस्थ ती सगळी उपटून टोपलीत घालून माझ्या दारात.

"आता हिला काय झालं? जिवंत आहे चांगली!"

"नोव्हेंबरात फुलते ही."

"मग?"

"नोव्हेंबरात कोण येतंय? ती आली तर ओबोनला येईल. पितरांना भेटायला तरी. ऑगस्टात नुसती पानं दिसतील."

या माणसाला हसावं की रडावं मला कळेना. मी म्हटलं, "मग लावा ना परत अजिसाई. ती जागा तिचीच आहे. काडी मी देते."

कुशिदांनी माझ्याकडे पाहिलं. "उपटली मी. आता तीच परत लावून काय दाखवू तिला? की काही झालंच नाही?"

मला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलं. "कुशिदा-सान, त्या दिवशी मी जे बोलले..."

"फावडं माझ्या हातात होतं," ते म्हणाले. टोपली ठेवली आणि गेले.

पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. त्यांनी मला मोकळं केलं आणि मी झाले मोकळी. इतकी सोयीची क्षमा कोण नाकारतं? मी नाकारायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

दर वसंतात, नवं रोप घेतलं नाही तरी, ते माझ्याच गल्ल्यावर उभं राहून मिनाएला पोस्टकार्ड लिहायचे, कारण झाडांच्या नावांची अक्षरं त्यांना येत नसत. मी कागदावर काढून द्यायची, ते खाली बघून उतरवायचे. आमच्याकडे पत्राची सुरुवात ऋतूने करतात, थंडी सरली, कळ्या आल्या, असं दोन-तीन ओळी, आणि मग मुद्द्यावर येतात. कुशिदांचं पत्र ऋतूवरच संपायचं. "बर्फ गेला. नांतेन मोडलं. त्या जागी यंदा जिंचोगे लावलं आहे. तब्येत सांभाळ." पुढच्या वर्षी, "जिंचोगे गेलं. त्या जागी नेचे लावले आहेत. तब्येत सांभाळ."

"अहो, पुढे लिहा की काहीतरी," मी म्हणायची. "जागा आहे अजून."

"तिला कळेल."

"काय कळेल? झाड मेलं एवढंच कळेल."

"माझी मुलगी आहे. कळेल."

दहा कार्डं माझ्या डोळ्यांसमोर लिहिली गेली. दहा वेळा तिचा पत्ता मी वाचला. माझ्याकडे पेन होतं, कार्डं होती, आणि लिहिता मला त्यांच्यापेक्षा बरं येतं.

अकराव्या वर्षी, मे महिन्यात, त्यांनी नवीन खूळ काढलं. खडू घेऊन फरशांवर उन्हाच्या कडा आखायला लागले. साडेपाचला इथवर, सहाला इथवर, साडेसहाला इथवर, प्रत्येक रेघेला वेळ लिहिलेली. कारखान्यात घंटेवर अशाच खुणा करतात, कुठे किती घासायचं त्याच्या. शाळेला जाणारी पोरं त्या रेघांवर लंगडी घालायची आणि ते त्यांना ओरडायचे. मी दुकान उघडताना चिडवलं, "काय मास्तर, भूगोल का?"

"दहा वर्षं अंदाजाने लावत होतो," ते म्हणाले. "यंदा मोजून लावतो. त्या कडेला एकशे दहा मिनिटं ऊन आहे. एवढ्यात काय होईल?"

"पुष्कळ होईल. काय हवंय तुम्हाला?"

खडू बोटांत फिरवत ते म्हणाले, "यंदा तिलाच विचारावं म्हणतोय. तिला जे हवं ते. कार्डावर नाही, आली तर तोंडाने विचारीन."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला अकरा वर्षांनी सुचलेला तो "घरी ये" होता. त्याला याहून सरळ बोलता येणार नव्हतं.

चार दिवसांनी ते त्या रेघांवरच आडवे पडलेले मला दिसले. अर्धं अंग गेलं होतं. रुग्णवाहिका गेल्यावर मी मिनाएच्या कामाच्या ठिकाणी फोन लावला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, आधी घरी, बापाचे कपडे न्यायला. केस पांढरे व्हायला लागले होते. मी गल्ली ओलांडून गेले. ती दारात उभी राहून फरशांकडे बघत होती.

"काकू, हे काय आहे?"

"उन्हाच्या खुणा. झाड निवडायचंय त्यांना."

ती हसली, पण ते हसू मला बघवेना. "अजून हेच चाललंय? दरवर्षी कार्ड यायचं. त्या जागी हे लावलं, त्या जागी ते लावलं. मला सांगत राहायचे, तुझ्या जागी आता दुसरं कोणीतरी आहे. बरं, तेही टिकेना, मग आणखी दुसरं."

इतकी वर्षं तिने ती कार्डं अशी वाचली होती! आता, इथे, या फरशीवर मला फक्त दोन वाक्यं बोलायची होती. ती झाडं तुझ्यासाठी आहेत, पोरी. आणि ते अडवण्याचं खूळ त्यांच्या डोक्यात मी घातलं. ओठांपर्यंत आलं. पण ती थकलेली दिसत होती, बसने आली होती, आणि माझ्या मनाने लगेच एक चांगलं कारण शोधून दिलं की आधी तिला बापाला भेटू दे, हे नंतर.

"आधी चहा घे," मी म्हटलं. "नागोयात उकडत असेल ना आत्तापासून?"

"हो, खूप," ती म्हणाली आणि कपडे घेऊन गेली.

पाचव्या दिवशी कुशिदा गेले. मी मधे एकदा भेटून आले होते, तेव्हा ते झोपेत होते. अंत्यसंस्कार झाले, हाडं वेचून झाली. सात-सात दिवसांच्या पूजा झाल्या. प्रत्येक पूजेला मी गेले, मागे बसले, उदबत्ती लावली आणि परत आले. प्रत्येक वेळी "नंतर".

एकोणपन्नासावा दिवस जुलैच्या मध्यावर आला. तो झाला की दुखवट्याला आलेल्यांना परतभेट द्यायची असते. मिनाए काळ्या कपड्यांत, हातात कागदात बांधलेला चहाचा डबा घेऊन दुकानात आली. डबा गल्ल्यावर ठेवला. घर विकायला काढलंय, म्हणाली, उद्याच्या गाडीने जाते. आता "नंतर" उरलंच नव्हतं.

मी सांगितलं. खत भरता भरता काय बोलले ते. मग जिंचोगे का सरकवलं, त्सुवाबुकी जिवंत असताना का उपटली, ओबोनचं, आणि कार्ड लिहिताना मी काय म्हणायची आणि ते काय म्हणायचे. "तुझ्या जागी दुसरं नव्हते लावत गं ते. तू येशील तेव्हा दार बोडकं दिसू नये म्हणून धडपडत होते. आणि यंदा तर तुलाच विचारणार होते, काय लावू म्हणून. तूच ठरवायचं होतंस."

मिनाएने डब्यावरचा कागद अंगठ्याने दाबून सरळ केला.

"विचारलं त्यांनी," ती म्हणाली.

"काय?"

"मी आल्यावर तिसऱ्या दिवशी. शब्द नीट येत नव्हते. तीनदा म्हणाले तेव्हा कळलं. दारात काय लावू?" तिने गल्ल्याची कड धरली. "मी काय म्हटलं माहितेय? काहीही लावा, बाबा. तुमचं घर आहे. मला काय त्याचं."

मी स्टूल पुढे सरकवलं, ती बसली नाही.

"त्यांनी मान हलवली. हं म्हणाले. मग भिंतीकडे वळून झोपले आणि माझ्याशी पुन्हा बोललेच नाहीत. मला वाटलं, थकले असतील. मी डबा काढून जेवले तिथेच बसून." तिचा आवाज चिरला नाही, तसाच सपाट चालत राहिला, आणि ते ऐकणं जास्त कठीण होतं. "मी आले त्या दिवशी तुम्ही भेटलात ना दारात?"

"भेटले."

"तेव्हा सांगितलं असतंत तर दोन दिवस होते माझ्या हातात."

"हो."

"तुम्ही चहाचं विचारलंत."

"हो, मिनाए-चान."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत काही नव्हतं. माझेच वाहत होते आणि मला त्यांची लाज वाटत होती. रडायचा हक्क तिचा होता, तोही मीच घेऊन बसले होते. तिने डबा दोन्ही हातांनी माझ्याकडे नीट सरकवला, एक पाऊल मागे गेली, टाचा जुळवल्या आणि कमरेतून पूर्ण वाकून, अनोळखी माणसाला करतात तसा नमस्कार केला.

"तोगाशी-सान," ती म्हणाली, "माझ्या वडिलांची इतकी वर्षं आपण काळजी घेतलीत. मी आपली आभारी आहे."

बोलायला लागल्यापासून ती मला काकू म्हणत होती.